तमाराचा रिकामा डबा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लीड्स शहराच्या उत्तरेला, एका चढणीच्या रस्त्यावर, आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, जिथे तोवर इस्त्रीचं टेबल आणि एक फाटकी सूटकेस सुखाने नांदत होती, तिथे एकोणीसशे नव्वदच्या सप्टेंबरात एका महासत्तेने मुक्काम ठोकला. महासत्तेची उंची पाच फूट एक इंच होती. वय बावीस. सामानात दोन स्वेटर, एक ट्रान्झिस्टर आणि मराठी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक. ही घटना त्या वेळी एकाही वर्तमानपत्राने छापली नाही, म्हणून ती मला लिहावी लागते आहे.

महासत्तेचं नाव तमारा. ती लेनिनग्रादहून आली होती, इथल्या विद्यापीठातल्या मुलांना वर्षभर रशियन बोलायला शिकवायला. तिकडे विद्यापीठात ती पाच वर्षं मराठी शिकली होती. का, असं विचारलं की ती म्हणायची, "चिनी भाषेच्या वर्गात जागा शिल्लक नव्हती." आमच्या किराणावाल्याच्या काचेवर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'मराठी कुटुंबात राहावयास जागा हवी. मी मांसाहार करते, परंतु आग्रह धरणार नाही.' माझी बायको सुधा मेथी आणायला गेली होती. ती मेथी विसरून तमाराला घेऊन आली.

तिचं मराठी ऐकलं की आपणच आपली भाषा पायजम्यात वापरतो आहोत असं वाटायचं. ती मला "डॉक्टरसाहेब" म्हणायची आणि "आपण" म्हणायची. आमची केतकी तेव्हा सतरा वर्षांची, जन्माने आणि उच्चाराने यॉर्कशरची. ती "माझा परीक्षा आहे, लीव्ह मी अलोन" असं म्हणायची, त्याच जेवणाच्या टेबलावर तमारा विचारायची, "आपल्या परीक्षेत अडथळा येत असल्यास मी ट्रान्झिस्टर बंद करू काय?"

ट्रान्झिस्टर मात्र ती कधी बंद करत नसे.

मी पेशाने भूल देणारा डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवण्याचा पगार घेतला. पहिल्याच आठवड्यात तिने मला चौकशीला घेतलं.

"लोक आपल्याला पूर्वी ओळखत असतात?"

"नाही. दोन मिनिटं आधी भेटतो."

"आणि कागद न वाचता सही करतात?"

"बहुतेक."

"आणि मग झोपतात?"

"हो."

ती जरा विचारात पडली. "आमच्याकडे या पदासाठी फार मोठी स्पर्धा असते," ती म्हणाली आणि पुन्हा सूप प्यायला लागली.

तिच्या सवयी आमच्या घराला हळूहळू लागल्या. पहिली सवय उशीची. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती आधी हॉलमध्ये जाऊन टेलिफोनवर उशी ठेवायची. सुधाने भरतकाम केलेली, मोराची. फोनमधून कोणी ऐकू नये म्हणून तिच्या घरी वडील तसंच करत. महत्त्वाचं म्हणजे काय याची तिची व्याख्या मोठी असल्यामुळे आमचा फोन दिवसातले सहा तास मोराखाली गुदमरलेला असायचा. हॉस्पिटलमधून दोनदा माणूस घरी आला, मी जिवंत आहे का ते बघायला.

दुसरी सवय वर्तमानपत्राची. ती ते शेवटच्या पानापासून वाचायची. "पहिल्या पानावर ते असतं, जे आपण वाचावं असं त्यांना वाटतं," ती म्हणायची. मग हातात पेन्सिल घेऊन काय छापलेलं नाही त्याची यादी करायची. पण ही संशयी मुलगी तिच्या शहरात गेल्या वर्षी काय घडलं ते सांगायला लागली की तिचे कान लाल व्हायचे. त्यांच्या नव्या लोकसभेचं अधिवेशन रेडिओवर पहिल्यांदा थेट लागलं होतं. सगळं शहर कानाला ट्रान्झिस्टर लावून चालत होतं. ट्राममध्ये एकाचा आवाज बारीक असला तर शेजारचा अनोळखी माणूस म्हणायचा, मोठा करा हो. विद्यापीठात कोणी वर्गात बसत नव्हतं, आणि शिक्षकही नव्हते, कारण तेही कॉरिडॉरमध्ये रेडिओभोवती. तिचा धाकटा भाऊ कोल्या, ज्याला तोवर फक्त मोटरसायकली कळत होत्या, त्याने सभासदांची नावं पाठ केली होती.

"कोल्या बदलला," ती म्हणायची, "म्हणजे सगळं बदललं. कोल्याने आयुष्यात काहीही पाठ केलेलं नव्हतं."

त्यानंतरच्या मार्चमध्ये तिने पहिल्यांदा मत दिलं होतं. एका जागेला सात उमेदवार. सातही जणांची भाषणं ऐकून, वहीत टिपणं काढून. ती हे अशा आवाजात सांगायची, ज्या आवाजात बायका पहिल्या बाळाबद्दल सांगतात.

केतकी कोका-कोला पीत ऐकत होती. "पॉलिटिक्स इज फॉर ओल्ड पीपल," ती म्हणाली.

"मग तुझा विश्वास कोणावर आहे?" तमाराने तिला विचारलं.

केतकीने प्रामाणिकपणे विचार केला. "आय डोन्ट नो. वेदर फोरकास्ट?"

तमाराने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. तिच्या मते हा वाईट प्रारंभ नव्हता.

तिला कोणीतरी सांगितलं की आमच्या भागाचा नगरसेवक शनिवारी सकाळी लायब्ररीत बसतो आणि कोणीही जाऊन त्याच्याशी बोलू शकतं. तिचा विश्वास बसला नाही. ती गेली आणि कोपऱ्यात बसून ऐकून आली. परतली ती दुपारी तीनला, भिजून.

"एका वृद्ध स्त्रीने त्याला कचऱ्याच्या डब्यांवरून झापलं," ती म्हणाली. "अतिशय वाईट शब्दांत. त्याने तिची क्षमा मागितली. लिहून घेतलं. मग ती निघाली."

"लायब्ररी बाराला बंद होते," सुधा म्हणाली. "मग इतका वेळ कुठे होतीस गं?"

"मी तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत गेले. समोरच्या बसथांब्यावर दोन तास थांबले."

"कशासाठी?"

"खात्री करायला," तमारा म्हणाली. "तिला काहीही झालं नाही. तिने पडदे लावले आणि टीव्ही बघितला."

हे ऐकून आम्ही हसलो, हे मी आता कबूल करतो. आपण कशाला हसलो ते समजायला मला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. लीड्स आणि आसपासच्या मराठी लोकांचं ते मंडळ. निम्मे डॉक्टर, उरलेले इंजिनियर, नर्सेस आणि त्यांना सहन करणारी माणसं. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन वर्षात चार कार्यक्रम. अध्यक्ष भाऊसाहेब, साठीचे, पाठीत ताठ, आवाजात मध. अकरा वर्षं अध्यक्ष, आणि अकराही वर्षं बिनविरोध. दिवाळीच्या जेवणाआधी पाच मिनिटांत ते उरकायचं. एकजण नाव सुचवायचा, दुसरा अनुमोदन द्यायचा, सगळे हात वर करायचे, आणि मग पुरी तळायला घ्यायची. त्यातला अनुमोदन देणारा नऊ वर्षं मी होतो. सुचवणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर असायचा. भुकेपोटी.

त्या दिवाळीला तमारा आमच्याबरोबर आली. सुधाची हिरवी साडी नेसून, व्याकरणाचं पुस्तक घरी ठेवून. निवडणूक झाली, टाळ्या झाल्या, पुऱ्या आल्या. भाऊसाहेब मुद्दाम तिच्या टेबलाशी आले.

"मग, कसं वाटलं आमचं मंडळ?"

"अत्यंत ओळखीचं वाटलं," तमारा म्हणाली.

भाऊसाहेब खूश झाले. मी पुरी तोंडाशी थांबवली, कारण तो आवाज मला माहीत होता.

"हात वर करताना एकही जण आपल्याकडे बघत नव्हता," ती म्हणाली. "सगळे एकमेकांकडे बघत होते, इतरांनी केला का ते. आमच्याकडेही असंच बघतात."

"अहो, आमच्यात विरोधक नाहीतच कोणी. आम्ही एक कुटुंब आहोत."

"हे आपल्याला कसं कळलं?"

उद्धटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. भाऊसाहेब श्रीखंड वाढायला निघून गेले. त्याआधी अकरा वर्षांत त्यांनी काही वाढलेलं मला आठवत नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मोर बाजूला करून मी घेतला. "त्या मुलीला सांगा," ते म्हणाले, "तिने मला झोपू दिलेलं नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात खरं मतदान घेऊ. तिलाच सगळं करायला सांगा."

समोर उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी मालतीबाई पुढे आल्या. त्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या आणि मंडळाचं स्वयंपाकघर चालवायच्या. "मी राहते उभी," त्या म्हणाल्या. "हरले तरी पोहे मलाच करायचेत आणि जिंकले तरी मलाच." पुढच्या दोन महिन्यांत मंडळाच्या चौसष्ट सभासदांपैकी साठांनी भाऊसाहेबांना शब्द दिला आणि अठ्ठावन्नांनी मालतीबाईंना. आपली माणसं फार गोड.

तमाराने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा मिळवला. झाकणावर लाल कोटातल्या शिपायांचं चित्र. त्या शिपायांच्या पायाखाली तिने फट पाडून घेतली. संक्रांतीच्या रविवारी हॉलच्या कोपऱ्यात बॅडमिंटनचे दोन खांब उभे करून त्यावर सुधाची जुनी साडी टाकली आणि आत एक स्टूल आणि पेन्सिल ठेवली. मग ती डबा उघडून प्रत्येक रांगेतून फिरली. प्रत्येकाने आत बघायचं. न बघता मान हलवलेली तिला चालत नसे.

मालतीबाईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा सावरून आत बघितलं. "काय आहे गं यात?"

"काही नाही, आजी."

"मग दाखवतेस कशाला?"

"काही नाही, हे दाखवायला."

मग तिने डबा उलटा केला, बुडावर तीनदा थापट्या मारल्या, झाकण लावून माझ्या हॉस्पिटलातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने बंद केलं आणि पट्टीवर दोन्ही उमेदवारांच्या सह्या घेतल्या. लोक साडीआड जात होते, बाहेर येत होते, तिळगूळ घेत होते. मोठं मजेचं वातावरण होतं. मोजणी सुरू होईपर्यंत.

मोजणी तिने सगळ्यांसमोर टेबलावर सुरू केली. चौथ्या कागदावर ती थांबली. मग आठव्यावर. मग तिने सगळे कागद पसरले. एकोणीस मतपत्रिकांवर भाऊसाहेबांच्या नावापुढे फुली होती आणि खाली मतदाराची सही होती. काहींनी तारीख घातली होती. एका हृदयरोगतज्ज्ञाने वेळही घातली होती. एकाने 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं. गुप्त मतदानात आपलं मत गुप्त राहून भाऊसाहेबांना कळलंच नाही तर काय घ्या, अशी चिंता एकोणीस सुशिक्षित माणसांना एकाच वेळी, एकाच साडीआड पडली होती.

हॉल हसायला लागला. तमारा हसली नाही. तिचा चेहरा त्या चिकटपट्टीसारखा पांढरा झाला होता.

"माझे आजोबा युद्धात शत्रूच्या रणगाड्यासमोर उभे राहिले," ती म्हणाली. फार हळू, पण हॉल गप्प झाला. "त्यांना पदक आहे. पण मतदानाच्या दिवशी पडद्याआड जायला ते घाबरायचे. कागदावर नाव एकच असायचं, त्यामुळे पडद्याआड जाणारा माणूस ते खोडायलाच जातो, असं समजत. म्हणून सगळे बाहेरच, सगळ्यांच्या देखत कागद टाकत. आजोबांना कोणी धमकी दिली नव्हती. आपल्यालाही कोणी दिलेली नाही. मग आपण घाबरलात कोणाला?"

तिने ते एकोणीस कागद गोळा केले. त्यातली एक सही तिला चांगली ओळखीची होती, कारण ती दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांवर रोज बघत असे. तो कागद तिने सगळ्यात वर ठेवला, पालथा, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊसाहेब उठले. त्यांनी टेबलावरचे सगळेच कागद उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकले, रिकामा डबा घेतला आणि तिच्या हातात दिला.

"पुन्हा घे," ते म्हणाले. "पुन्हा दाखव सगळ्यांना."

ती पुन्हा प्रत्येक रांगेतून फिरली. या वेळी सगळ्यांनी नीट आत बघितलं. भाऊसाहेब सहा मतांनी निवडून आले. पस्तीस विरुद्ध एकोणतीस. ते स्टेजच्या पायरीवर बसले आणि रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"अकरा वर्षांत आज पहिल्यांदा निवडून आलो," ते म्हणाले. मग जरा सावरून, "पण ती एकोणतीस माणसं कोण?"

"ते आपल्याला कधीच कळणार नाही," तमारा म्हणाली. "तीच तर गंमत आहे."

मे महिन्यात तिने शोधून काढलं की या देशात वीस वर्षं राहून आणि मताचा अधिकार असून मी एकदाही मत दिलेलं नाही. माझं मतदानाचं कार्ड तिला वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे सापडलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर केंद्रापर्यंत चालत आली आणि फाटकाशी उभी राहिली. बाहेर आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "सही केली नाही ना?"

आणि मग तो ऑगस्ट आला. तिचं वर्ष संपलं होतं, महिनाअखेरीला परतायचं होतं, सूटकेस भरून झाली होती. एका सोमवारी सकाळी रेडिओने सांगितलं की मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आहेत आणि काही लोकांनी मिळून सत्ता हातात घेतली आहे. तमारा स्वयंपाकघरात उभी होती. पुढचे दोन दिवस ती बसलेली मी पाहिली नाही. उभ्याने चहा प्यायची, उभ्याने ब्रेड खायची, कानाला ट्रान्झिस्टर. लेनिनग्रादला फोन लागत नव्हता. मंगळवारी दुपारी लागला. आई घरी होती. कोल्या थर्मास घेऊन चौकात गेला होता, हजारो मुलांबरोबर रणगाडे अडवायला, आणि परतला नव्हता.

फोन करण्याआधी तिने सवयीने मोराची उशी उचलली होती. ती तिच्या हातात होती. मग मी पाहिलं की तिने ती उशी जिन्यावर भिरकावली आणि फोनमध्ये ओरडायला लागली. रशियनमध्ये, एकेक शब्द सुटा करून, ज्या पद्धतीने आपण बहिऱ्या माणसाशी बोलतो. शेजारच्या बागेत गवत कापणारे गृहस्थ मशीन बंद करून उभे राहिले. केतकी जिन्यावरून खाली आली आणि उशी छातीशी धरून पायरीवर बसली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आईला काय सांगितलंस एवढं?"

"आईला नाही. जो ऐकत असेल त्याला," ती म्हणाली. धापा टाकत होती. "मी म्हणाले, लिहून घ्या. माझं नाव हे. पत्ता हा. मी याच्या विरोधात आहे."

मी भूल देताना हजारो माणसांना धीर दिला आहे. तेवढ्या वर्षांत इतकी जागी झालेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं उलटलं. रणगाडे परत गेले. कोल्या घरी येऊन अठरा तास झोपला. आठवड्याने तमारा गेली. बिस्किटांचा डबा तिने मंडळाला दिला आणि ट्रान्झिस्टर केतकीला.

पहिलं पत्र अकरा पानांचं आलं. शहराचं नाव बदललं होतं, ती विद्यापीठात शिकवत होती, कोल्या एका पक्षाची पत्रकं वाटत होता. पुढचं पत्र सहा पानांचं. त्यात नळाला गरम पाणी नसल्याचं होतं आणि कोल्याचं थोडंच. मग दोन पानं. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात कार्ड आलं. त्या ऑक्टोबरात त्यांच्याच संसदेवर त्यांच्याच रणगाड्यांनी गोळे डागले होते, आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. तिने लिहिलं होतं: 'मीही बघितलं. मी इस्त्री करत होते. थांबले नाही.'

नंतरच्या एका पत्रात तिच्या विद्यार्थ्यांबद्दल होतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलं. 'मी त्यांना विचारते, राजकारणात रस आहे का. ती अशी हसतात, जणू मी टोपीबद्दल विचारलं. विश्वास कोणावर, असं विचारलं. एक मुलगी म्हणाली, आजीवर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून एकजण म्हणाला, आजी टीव्हीवर विश्वास ठेवते. केतकीला सांगा, तिचं हवामानाचं उत्तर अजून सगळ्यात चांगलं आहे.'

सत्त्याण्णवच्या जानेवारीत ती आली. विद्यापीठ सोडून एका लाकडाच्या कंपनीत दुभाषी झाली होती. लंडनजवळच्या स्लाऊ गावात कामाच्या बैठका होत्या, त्यातला शनिवार-रविवार काढून ती ट्रेनने लीड्सला आली. चांगला कोट, चांगले बूट, कपाळावर एक उभी रेघ. आल्या आल्या तिने टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं. मला बरं वाटलं. मग तिने ते फाडून बर्फाने भिजलेल्या बुटांमध्ये कोंबलं.

"कोल्या काय म्हणतो?" सुधाने विचारलं.

"टायर विकतो."

"आणि मागच्या उन्हाळ्यात निवडणूक झाली ना तुमच्याकडे," मी म्हणालो. "मत कोणाला दिलं, विचारत नाही."

"कोणालाच नाही. त्या दिवशी मी बटाट्यांना माती लावायला गेले. कोल्या झोपला होता."

"आपण मत दिलं नाही?" मी म्हणालो. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न तिने मला अगदी याच सुरात विचारला होता, आणि ते आम्हा दोघांनाही आठवलं.

"डॉक्टरसाहेब, पेटीबद्दल माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "पेटी आता रिकामी दाखवतात. कागद मोजतात. पण जो खुर्चीत बसला आहे, तो उठत नाही. आधी मला वाटायचं, उठेल. पेटी नीट असली की उठेल. मग माझे विद्यार्थी मला विचारायचे, मॅडम, हरून उठलेला माणूस आपण स्वतः पाहिलात का? मी त्यांना खोटं कसं सांगू? मी पाहिलेला नाही."

रविवारी संक्रांतीचा कार्यक्रम होता. ती यायला तयार नव्हती. शेवटी म्हणाली, "डबा बघायला येते. माणसांना नाही."

केतकी बर्मिंगहॅमहून आली होती. आता ती चोवीस वर्षांची, वकिलीची उमेदवारी करत होती, आणि गेली तीन वर्षं मंडळाचं मतदान तीच घ्यायची. हॉल गच्च. भाऊसाहेब आणि मालतीबाई पुन्हा समोरासमोर. दर वर्षी असत, आणि दर वर्षी भाऊसाहेब थोडक्यात येत. मालतीबाईंच्या सासूबाई अजून पहिल्याच रांगेत, आता चाकाच्या खुर्चीत. त्यांनी काठी आपटली.

"अगं केतकी, तमारा झाली का? तमारा झाल्याशिवाय सुरू करू नकोस."

तमारा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"रिकामा डबा दाखवतात ना," मी म्हणालो. "त्याला आमच्याकडे तमारा म्हणतात."

केतकी डबा उघडून रांगांमधून फिरायला लागली. "तमारा बघा. नीट बघा हं. काका, तुम्ही बघितली नाही." लाल शिपायांचा रंग उडाला होता. आमच्या पुढच्या खुर्चीवर पाच-सहा वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर उलटी बसून सगळं ऐकत होती. तिने तमाराकडे बोट केलं.

"तू डबा आहेस?"

डबा आमच्या रांगेत आला तेव्हा तमाराने तो हातात घेतला, उलटा केला आणि बुडावर तीनदा थापट्या मारल्या. मग केतकीला परत दिला. तरीही तिची ती कपाळावरची रेघ हलली नाही.

मतदान झालं, तिळगूळ झाला, मोजणी झाली. केतकीने आकडे दोनदा मोजले आणि मग तिसऱ्यांदा. मालतीबाई तीन मतांनी निवडून आल्या होत्या.

टाळी वाजली नाही. कोणाला काय करावं ते कळेना. सतरा वर्षांचे अध्यक्ष समोर उभे होते. तमाराने माझी बाही पकडली होती आणि ती एकटक भाऊसाहेबांकडे बघत होती. लायब्ररीत त्या म्हातारीकडे बघितलं असेल तसं.

भाऊसाहेबांनी कागदावरचा आकडा वाचला. चष्मा पुसला. मग कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून मालतीबाईंच्या हातात ठेवला.

"ही कपाटाची, ही मागच्या दाराची," ते म्हणाले. "आणि चहाच्या बंबाचा नळ डावीकडे फिरवू नका, निघून हातात येतो."

"माहितेय मला," मालतीबाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं मीच फिरवतेय तो."

"हो, खरंच की," भाऊसाहेब म्हणाले.

हॉल पाच वाजता बॅडमिंटनवाल्यांना रिकामा करून द्यायचा असतो. तोवर दर वर्षी आभाराचं भाषण अध्यक्ष करत आणि खुर्च्या आम्ही बाकीचे उचलत असू. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. कोट काढून खांबावरच्या साडीशेजारी टाकला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मिटली, मग दुसरी तिच्यावर ठेवली, मग तिसरी. आभाराचं भाषण मालतीबाईंनी सुरू केलं होतं.

तमारा हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कोणीतरी तिच्या हातात रिकामा डबा देऊन टाकला होता, तो तिने पोटाशी धरला होता. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं खुर्च्या घेऊन जात होती आणि ती कोणाच्याच वाटेतून बाजूला होत नव्हती. भाऊसाहेब सातवी खुर्ची उचलत होते. आणि तेव्हा त्या आवाजात, जो मी फक्त एकदा टेलिफोनवर ऐकला होता, मालतीबाईंचं भाषण मधेच तोडून, आयुष्यात पहिल्यांदा भाऊसाहेबांना अहोजाहो करायचं विसरून, ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी बोलली:

"हरला, आणि खुर्च्या रचतोय."